भावनेचं नाव न घेता

बालकवींच्या ‘औदुंबर’ला ओळी आठच. त्या आठ ओळींत दुःख, उदासी, एकटेपणा, भीती, विरक्ती यांतला एकही शब्द नाही. झरा आहे, गाव आहे, शेतं आहेत, पायवाट, डोह आणि शेवटी एक झाड. तरीही शाळेत ती कविता कानावरून गेलेला माणूस पन्नाशीतही सांगतो की तिच्यात काहीतरी जड आहे. नेमकं काय, ते त्याला सांगता येत नाही. कुणाला त्या झाडात विरक्त साधू दिसतो, कुणाला मनातली मरगळ दिसते, कुणाला मृत्यूची चाहूल लागते. अर्थावर एकमत नाही, पण त्या आठ ओळींनी मनावर काहीतरी धरलं याबद्दल वाद नाही. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली धरणगावला जन्मले आणि १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले, अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. कवितेची धार तेवढीच आहे.

शब्द वातावरण कसं बांधतात हे पाहायला मराठीत याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आकारानं लहान असल्यामुळे तो पूर्ण उलगडून पाहता येतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.

पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आधी फक्त रंग काढून ओळीनं मांडू. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. आठ ओळींत सात रंगशब्द. सुरुवात हिरव्यानं होते, शेवट काळ्यावर. मध्ये पांढरा रंग एकदाच येतो, आणि तो पायवाटेचा. हिरव्या पसाऱ्यातून ती एक पांढरी रेघ डोळ्याला धरून नेते आणि काळ्या पाण्याशी सोडते. चांगलं चाललेलं चित्र हळूहळू अंधारत गेलं असं कवी कुठेही म्हणत नाही. रंगांचा क्रम ते काम करतो. याच कवितेत काळा डोह दुसऱ्या ओळीत आणि हिरवी शेतं सातव्या ओळीत टाकली असती, तर शब्द तेच राहून कविता उजळत गेली असती.

आता क्रियापदं. झरा वाहतो, गरदी लागली, वाट पडे, वाट चालली, काळिमा पसरी, औदुंबर बसला. वाहणं, चालणं, पसरणं, बसणं. हालचाल कमी कमी होत जाते आणि बसण्यावर थांबते. तिसऱ्या ओळीत तर क्रियापदच नाही. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे.’ आहे नाही, दिसतं नाही, वसलंय नाही. गाव पलीकडे नुसतं ठेवलेलं आहे. तिथे कुणी काही करत असल्याची खूण नाही. चुलीचा धूर नाही, कुत्रं भुंकत नाही, गुरं हंबरत नाहीत.

अख्ख्या कवितेत आवाजच नाही. झरा आहे पण खळखळ नाही, झाड आहे पण सळसळ नाही. नादानुकारी शब्दांनी भरलेल्या मराठीत, आणि तेही झऱ्याबद्दल लिहिताना, एकही नादशब्द न येणं सोपं नसतं. दुसरी गैरहजेरी माणसांची. पायवाट पांढरी पडते ती पावलांनी. म्हणजे तिथून माणसं गेलेली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गेलेली आहेत. पण आत्ता वाटेवर कुणी नाही. वाट स्वतःच चालली आहे. आणि कवितेत पाय म्हणून जे काही दिसतात ते शेवटच्या ओळीत, झाडाचे, पाण्यात टाकलेले. ज्या पायांनी वाट झाली ते पाय गायब आणि ज्याला चालता येत नाही त्याला पाय, ही उलटापालट वाचताना जाणवत नाही. छातीवरचं ओझं मात्र तिथूनच येतं असं माझं मत आहे.

नाद नाही म्हटलं तरी लय आहे, आणि लयीचा हिशेब मांडल्याशिवाय ही कविता कळली असं मला वाटत नाही. ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, ‘हिरवाळी घे’ आठ, मग ‘उन’ तीन, शेवटचं अक्षर लांबवून. आठ, आठ, आठ, तीन. छंदशास्त्राचे अभ्यासक माधवराव पटवर्धन यांच्या परिभाषेत हे पद्मावर्तन, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन. मोजताना एक सांभाळायचं: ‘मळ्यांची’, ‘हिरव्या’, ‘काळ्या’ यांतली ‘य’ जोडलेली अक्षरं आधीच्या अक्षराला जड करत नाहीत, म्हणून ‘मळ्यां’तला ‘म’ आणि ‘हिरव्या’तला ‘र’ एकाच मात्रेचे. संस्कृतच्या नियमानं मोजायला गेलं की ओळ मोडलेली वाटते आणि दोष कवीच्या माथी जातो.

पहिल्या सोळा मात्रांत शब्द आवर्तनाच्या शिवेवर नीट संपतात. चार घरांचे, गाव चिमुकले. शेतमळ्यांची, दाट लागली. पाय टाकुनी, जळात बसला. हे सगळीकडे होतं, फक्त पायवाटेच्या दोन ओळी सोडून. तिथे ‘पायवाट पां’ इथे आठ मात्रा भरतात आणि ‘ढरी’ पलीकडे जातं. पुढच्या ओळीत ‘हिरव्या कुरणां’वर आठ संपतात आणि ‘मधुनि’ पुढे सरकतं. वाट अडवीतिडवी झाली त्याच ठिकाणी शब्दही शिवेवरून तिरके गेलेत. वर्गात ठेक्यात म्हणताना मुलं ‘पायवाट पां’वर थांबतात आणि मग ‘ढरी’ म्हणतात, तेव्हा ते हसण्यासारखं होतं. त्या दोन ओळी ठेक्यानं तोडायच्या नसतात. तिथे श्वास लांबवायचा आणि ‘चालली’पर्यंत न थांबता जायचं. मग ‘काळ्या डोहा’ हे चार दीर्घ एकापाठोपाठ येतात आणि पाऊल आपोआप जड पडतं. त्याआधी ‘हिरव्या कुरणांमधुनि’त लघू अक्षरांची गर्दी आहे, म्हणून तो फरक कानाला जास्त लागतो.

दोन शब्द बदलून बघू. मात्रा तेवढ्याच ठेवून सहावी ओळ अशी म्हणा: ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली निळ्याशा तळ्याकडे.’ हिशेब चुकला नाही, व्याकरण चुकलं नाही, चित्रही वाईट नाही. पण कविता तिथेच संपली. तळं दिसतं तेवढंच असतं. डोह म्हणजे वाहत्या पाण्यातली ती जागा जिथे पाणी थांबल्यासारखं दिसतं आणि तळ लागत नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक डोह असतो आणि त्याबद्दल पोरांना दटावलेलं असतं. ही सगळी भीती कवीनं लिहिलेली नाही. ‘डोह’ म्हणताच ती वाचणाऱ्याकडूनच येते.

शेवटची ओळही अशीच बदलून बघा. ‘पाय टाकुनी जळात बसला म्हातारासा वड.’ यमक बिघडलं, ते सोडून देऊ. मात्रा जमल्या. वडाला पारंब्या असतात, म्हणजे पाण्यात पाय सोडायला तो औदुंबरापेक्षा जास्त सोयीचा. आणि तरीही ही ओळ मेली, कारण ‘म्हातारासा’नं समजावून सांगितलं. मूळचा ‘असला’ काहीच सांगत नाही, नुसतं बोट दाखवतो. असला म्हणजे कसला? पुढे ओळच नाही. वाचणारा त्या रिकाम्या जागेत आपल्याकडचं काहीतरी ठेवतो, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. शिवाय ‘औदुंबर’ हा नुसता उंबर नव्हे. उंबर रानात असतो, औदुंबर पारावर, कृष्णेच्या काठी, नरसोबाच्या वाडीला, दत्ताच्या पादुकांवर सावली धरून. पूजेचा एकही शब्द न वापरता त्या नावानं कवितेत एक गंभीरपण आणलं. आणि ते नाव शेवटचा शब्द आहे. मराठीत वाक्याचा शेवट सहसा क्रियापदाला मिळतो. इथे क्रियापद आधी देऊन टाकलंय आणि कर्ता थोपवून धरलाय.

भावना म्हणून काही असेल तर ते एका विशेषणात: ‘गोड काळिमा’. काळिमा म्हटलं की आपल्याला कुळाला लागलेला आठवतो. त्याच्या आधी ‘गोड’ लावल्यावर मन एकाच वेळी दोन्हीकडे ओढलं जातं. एवढंच. बाकी सात ओळी वस्तूंच्या.

भावनेचं नाव घेतलं की कविता पडते, असा नियम मात्र यातून काढू नये. याच कवीची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ पहिल्याच ओळीत आनंदाचं नाव घेऊन सुरू होते, आणि तीही शंभर वर्षं टिकली आहे. तिथलं आवर्तनही आठाचंच, पण शेवटच्या तुकड्यात तीनऐवजी सहा मात्रा आहेत. आठ, आठ, आठ, सहा. ओळ थांबायला उशीर करते आणि पुढच्या ओळीत उडी मारते. ‘क्षणात येते सरसर शिरवे’ मध्ये नाद आहे, पुढे पक्षी आहेत, गुरं आहेत, गाणारे गुराखी आहेत, देवदर्शनाला निघालेल्या बायका आहेत. हर्ष हा शब्द तिथे पेलला जातो कारण मागून येणारी प्रत्येक ओळ त्याला पुरावा देते. पुरावा न देता नाव घेतलं, की शब्द पोकळ वाजतो.

आता कवितेतून घरात येऊ. शब्दांनी वातावरण बदलतं हे आपल्या घरांना कवींच्या आधीपासून माहीत आहे. बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडला तरी वाढवला म्हणायचं. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, शांत करतात. स्वयंपाकघरातला कंदील मालवतात. चूल मात्र खुशाल विझवतात. दिवा विझवला, मालवला, शांत केला, बंद केला, या चारही वाक्यांत अंधार सारखाच होतो. पण ‘विझवला’त काहीतरी संपलं, ‘मालवला’त आता झोपायचं आहे, ‘शांत केला’त हात जोडलेले आहेत आणि ‘बंद केला’त बटण आहे. लिहिताना या चारांतून निवडणं म्हणजे त्या खोलीतला माणूस कोण आणि रात्र कशी हे ठरवणं.

पावसाचे शब्द तर हवामान खात्याला हेवा वाटावा असे आहेत, पण ते फक्त पाण्याचं माप सांगत नाहीत. रिमझिम आणि रिपरिप यांत पडणारं पाणी जवळपास तेवढंच. रिमझिम पाऊस खिडकीत उभं राहून बघायचा, रिपरिप पावसात कपडे वाळत नाहीत, चिखल तुडवावा लागतो आणि कामं अडतात. असं का? उच्चार करून बघा. ‘म’ला ओठ मिटतात पण आवाज नाकातून चालू राहतो. ‘प’ला ओठ मिटतात आणि आवाज तुटतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा तुटतो. पिरपिरही त्याच घरातली, म्हणून ती पावसाइतकीच किरकिऱ्या पोराला आणि सततच्या तक्रारीला लागू पडते. भुरभुर अंगावर हलकी येते. धो धो म्हणायला तोंड उघडावंच लागतं.

पण नाद एकटा काही ठरवत नाही. प्राजक्ताची फुलं टपटप पडतात आणि गळक्या कौलांतून घरात पाणीही टपटपच पडतं. शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय टपटप आनंदाची की काळजीची ते कळत नाही. नुसते नादशब्द पेरून वातावरण होईल असं समजून लिहिलेल्या पानांवर गडगड, कडकड, सळसळ सगळं असतं आणि कानाला फक्त गलका लागतो.

शांततेचं उलट आहे. तिथे प्रत्येक शब्द आपली परिस्थिती बरोबर घेऊन येतो. शुकशुकाट म्हणायला तिथे एरवी वर्दळ असावी लागते. बाजारपेठेत शुकशुकाट असतो, डोंगरमाथ्यावर नाही. सामसूम रात्रीची, सगळे निजल्यावरची. चिडीचूप कुणाच्या तरी धाकानं होतात. निवांत हवंहवंसं असतं. डोंगरावर शुकशुकाट होता असं कुणी लिहिलं की वाचणारा अडखळतो, कारण न सांगता येणारी चूक झालेली असते: तिथे आधी कोण होतं आणि कुठे गेलं, असा प्रश्न त्या शब्दानं उगाच उभा केलेला असतो. भयकथा लिहिणारा हाच दोष मुद्दाम वापरू शकतो.

संध्याकाळचा अर्धा तासही असाच. दिवेलागण म्हटलं की घर, देव्हारा, शुभंकरोती. तिन्हीसांजा म्हटलं की नियम: आता झोपू नये, केर काढू नये. कातरवेळ म्हटलं की कारण नसताना जीव खालीवर. घड्याळात तिन्ही एकच. एका परिच्छेदात या तिन्ही नावांनी तीच वेळ सांगितली तर भाषा समृद्ध दिसेल पण मूड विस्कटेल. एक निवडायचं आणि त्याला जागायचं.

एवढं नामं आणि क्रियाविशेषणांचं झालं. गद्य लिहिणाऱ्यानं याहून जास्त लक्ष द्यावं ते क्रियापदाच्या रूपाकडे. आजी ओसरीवर बसली होती. आजी ओसरीवर बसायची. आजी ओसरीवर बसे. पहिल्या वाक्यात एकच दिवस आहे आणि आता काहीतरी घडणार अशी वाट आपण बघतो. दुसऱ्यात कुणीतरी शेजारी बसून सांगतंय, आजी बहुतेक आता नाही, पण सांगणाऱ्याच्या आवाजात ऊब आहे. तिसरं रीतिभूतकाळाचं. त्यात काळ खूप मागे सरतो, आजीबरोबर ओसरीही गेलेली असते. एक ‘बसे’ पुरा गेलेला जमाना आणतो, म्हणूनच तो जपून वापरायचा. पानभर येई, जाई, म्हणे, असे, दिसे करत गेलं की गद्य डुलायला लागतं आणि वाचणारा पेंगतो. दुसरी चूक म्हणजे ‘बसे’ आणि ‘बसायची’ एकाच परिच्छेदात मिसळणं. दोन वेगळी माणसं आळीपाळीनं बोलताहेत असं वाटतं. तिसरी चूक ताज्या वस्तूंना जुनं रूप चिकटवणं. ‘आजी मोबाइल चार्जिंगला लावी’ हे वाक्य व्याकरणात बसतं, कानात बसत नाही.

आणि मग ते बारके शब्द, ज्यांना शब्दकोशात धड अर्थ सापडत नाही. ‘तो पायरीवर बसला होता.’ ही बातमी झाली. ‘तो आपला पायरीवर बसला होता.’ आता सांगणाऱ्याला त्याची कणव आहे, आणि त्याच्याकडे दुसरा उपायही नाही. ‘तो नुसता पायरीवर बसला होता.’ काम पडलेलं आहे किंवा काहीतरी बिनसलेलं आहे. ‘तो तेवढा पायरीवर बसला होता.’ बाकीचे सगळे निघून गेले. तीनही शब्द अर्थानं फुटकळ, पण प्रत्येकानं वाक्यातली हवा बदलली. औदुंबरातला ‘असला’ याच जातीचा. दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेल्या पुष्कळ गद्याला अंग असतं पण ऊब नसते, त्याचं मोठं कारण हे आपला, तेवढा, नुसता, बाई, म्हणे, की, ना गळालेले असतात. मूळ वाक्यात त्यांना जोडीदार नसतो, म्हणून ते कुणाला आठवत नाहीत. उलट अंगानं, प्रत्येक वाक्यात एक घातला की लाडिक वाटतं. एका परिच्छेदाला एखादा पुरतो, आणि तो जिथे भावना सर्वात जास्त दाटली आहे तिथे घालायचा नाही, तिच्या एक वाक्य आधी घालायचा.

प्रत्यक्ष करून बघू. तालुक्याच्या गावचा एसटी स्टँड, संध्याकाळ. नेहमी दिसणारा मसुदा असा असतो:

‘संध्याकाळची वेळ होती. एसटी स्टँडवर एक विलक्षण उदास शांतता पसरली होती. वातावरणात एक अनामिक हुरहूर दाटून आली होती. सगळीकडे एक गूढ रितेपणा भरून राहिला होता.’

चार वाक्यं, चारही ‘होती-होता’वर संपलेली. ‘एक’ तीनदा, आणि तिन्ही वेळा अनावश्यक. विलक्षण, अनामिक, गूढ ही विशेषणं कुठल्याही जागेला चालतील, म्हणून या जागेची नाहीत. बघायला वस्तू एकही नाही. रितेपणा भरून राहतो, शांतता पसरते, हुरहूर दाटते, म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टी हालचाल करताहेत आणि दिसणारं काही नाही. लिहिणाऱ्याला वाटलेलं खरं असेल, पण त्यानं निष्कर्ष हातात दिला आणि साहित्य स्वतःकडे ठेवलं.

आता हे:

‘दिवेलागण झाली तरी फलाटावरची ट्यूब लागली नव्हती. मुक्कामाची गाडी गेलेली. कँटीनवाल्यानं स्टोव्ह विझवला, बाकं बाकांवर पालथी टाकली. चौकशीच्या खिडकीला पाठ टेकून एक म्हातारी आपली बसून होती. नळ तेवढा गळत होता.’

‘दिवेलागण’ घराचा शब्द आहे, तो स्टँडवर आणला की घरापासूनचं अंतर आपोआप वाढतं. ‘गेली होती’ऐवजी नुसतं ‘गेलेली’, सहायक क्रियापद सोडून दिल्यामुळे वाक्य उघडं राहिलं. ‘विझवला’च हवा, ‘बंद केला’नं कोरडं झालं असतं. ‘आपली बसून होती’ म्हटल्यावर तिची गाडी चुकली का, तिला जायला जागा आहे का, हे लिहावं लागत नाही. नादाचा शब्द मुद्दाम टाळलाय. ‘टपटप’ म्हटलं असतं तर लक्ष नळाकडे गेलं असतं, आणि ते म्हातारीकडे राहायला हवं. खरं तर याच कारणासाठी दोन वाक्यांची अदलाबदलही करून पाहावी: नळ आधी, म्हातारी शेवटी. मला तो क्रम जास्त पटतो. ‘तेवढा’ नळाला लागला की जागा रिकामी झाल्यासारखी वाटते, आणि मागून म्हातारी दिसली की ती आपल्याला एकदम दिसते. मग ‘आपली’ काढून टाकता येतं, कारण जागेनंच ते काम केलं.

असा फेरफार मोठ्यानं वाचल्याशिवाय जमत नाही. डोळा ‘होता-होती’चा खच सहज माफ करतो, कान करत नाही. एकदा वाचताना फक्त वाक्यांचे शेवट ऐकावेत, दुसऱ्यांदा विशेषणं गाळून वाचावं. गाळल्यावर काही कमी झालं नाही असं वाटलं, तर ते विशेषण परत घालू नये.

जुने शब्द टिकतील का, ही काळजी मराठी वाचणाऱ्यांना असते, आणि ती रास्त आहे. शिरवे, हिरवाळी, झाकळणे हे आज शहरातल्या मुलाला समजावून द्यावे लागतात. ओसरी आणि कंदील वस्तू म्हणूनच गेल्या. पण ‘क्षणात येते सरसर शिरवे’ म्हणताना मुलाला शिरवं म्हणजे काय ते ‘सरसर’नं कळतं. झाकळुनीचा अर्थ जळ, काळिमा आणि लाटा मिळून लावून देतात. जुना शब्द एकटा टाकला तर तो संग्रहालयात ठेवल्यासारखा दिसतो. ओळखीच्या दोन शब्दांच्या मध्ये बसवला तर जगतो. तळटीप देऊन त्याचं वजन येत नाही.

नवे शब्दही हे काम करू लागले आहेत, आणि त्यांना परके म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही. ‘वीजपुरवठा खंडित झाला’ हे वाक्य फक्त कळवतं. ‘लाइट गेली’ म्हटलं की घामेजलेली खोली, मेणबत्तीची शोधाशोध आणि अंगणात येऊन बसलेली आळी आली. ती मराठीत स्त्रीलिंगी झाली, येते आणि जाते, रुसल्यासारखी रात्रभर येत नाही, आणि आली की आळीभर पोरं ओरडतात. ‘लॉकडाऊन’ २०२० च्या आधी सहसा कुणाच्या तोंडी नव्हता. आज तो नुसता उच्चारला तरी त्या वर्षाचे ओस पडलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. ‘रेंज नाही’ हे घाटात अडकलेल्या माणसाचं वाक्य वेगळं आणि सुट्टीत गावी आलेल्या माणसाचं वेगळं, पहिल्यात घबराट आहे, दुसऱ्यात सुटका. एसटी स्टँडच्या त्या परिच्छेदात म्हातारीच्या हातात साधा बटणांचा फोन दिला आणि ‘बॅटरीची एक काडी उरलेली’ एवढं लिहिलं, तर बाकी काही बदलायला नको.